प्रीमियर पद्मिनीचा प्रोपेलर शाफ्ट : क्रॉस झिजला आहे हे खात्रीने कसे ओळखावे आणि तो घरी कसा बदलावा?

पद्मिनी_७९ (पुणे)

नमस्कार.

माझ्याकडे वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी रोजच्या वापरात नाही; परंतु महिन्यातून दोन-तीन वेळा मी ती स्वतः चालवतो आणि वर्षातून एकदा तरी साताऱ्यापर्यंत नेऊन आणतो. गेल्या दिवाळीनंतर तिच्यात दोन गोष्टी जाणवू लागल्या. क्लच सोडून गाडी हलू लागताच मागच्या सीटच्या खालून ‘टक्’ असा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येई. आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या गल्लीतून अगदी हळू जाताना चिमणी चिवचिवावी तसा, गाडीच्या वेगाबरोबर जलद होत जाणारा बारीक आवाज ऐकू येई. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे गती नेणाऱ्या लांब नळीचे) दोन्ही क्रॉस (तिच्या सांध्यांतील अधिक-चिन्हाच्या आकाराचे तुकडे) गेले आहेत असे सांगून त्यांनी ते बदलून दिले.

चिवचिवाट त्याच दिवशी थांबला. ‘टक्’ आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. मात्र ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान पूर्वी कधीही नसलेली थरथर आता जमिनीतून आणि मागच्या सीटमधून जाणवते. ७० च्या पुढे ती थोडी कमी होते. पुन्हा गाडी दाखवली तेव्हा ‘जुन्या गाडीला एवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले. क्रॉस बदलण्यापूर्वी जी थरथर नव्हती ती क्रॉस बदलल्यानंतर आली असेल, तर तिचे कारण गाडीच्या वयात शोधणे मला पटत नाही.

माझ्याकडे ट्रॉली जॅक, चार स्टँड, बाकाला बसवलेला मोठा व्हाइस आणि पान्यांचा पूर्ण संच आहे. ब्रेकचे आणि कार्ब्युरेटरचे काम मी स्वतः करतो. शाफ्ट मात्र कधी उतरवलेला नाही. खेळ नेमका कोठे आहे हे शाफ्ट न उतरवता कसे तपासावे, आणि उतरवावा लागलाच तर कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

जुना_फिटर (कोल्हापूर)

आपली शंका योग्य आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात मी पस्तीस वर्षे हेच काम केले आणि फियाट, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर व जीप यांचे शाफ्ट हाताखालून गेले, त्या आधारावर सांगतो : क्रॉस बदलण्यापेक्षा खेळ कोठे आहे हे शोधायला अधिक वेळ द्यावा. क्लच सोडल्यापासून चाक फिरेपर्यंत जेवढे सांधे आहेत, त्या प्रत्येकात थोडी ढिलाई असू शकते, आणि सर्वांची बेरीज कानाला एकच ‘टक्’ म्हणून ऐकू येते.

प्रथम सुरक्षिततेबद्दल. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी मागून उचलल्यावर स्टँड बॉडीखाली न देता अ‍ॅक्सलच्या नळीखाली, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ द्या. असे केल्याने अ‍ॅक्सल लोंबकळत नाही आणि शाफ्टचे कोन रस्त्यावर असतात तसेच राहतात. लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर तपासलेला सांधा कधी घट्ट तर कधी सैल भासतो आणि आपली फसगत होते. आणखी एक गोष्ट, जी अनुभवी माणसेही विसरतात : शाफ्ट उतरवल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबून राहत नाही, कारण इंजिन आणि मागची चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर हे काम कधीही करू नये.

आता तपासणी. पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. गिअरबॉक्सला पुढचा तुकडा रबरी कपलिंगने जोडलेला असतो, मध्यभागी रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग असते, आणि तेथून डिफरन्शियलपर्यंतच्या (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीपर्यंतच्या) मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. हँडब्रेक ओढून ठेवा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एका हाताने क्रॉसच्या पुढचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा काटा) आणि दुसऱ्या हाताने मागचा योक पकडून त्यांना परस्परविरुद्ध दिशेने पिळा. चांगल्या क्रॉसमध्ये दोन्ही योक एकजीव असल्यासारखे हलतात. एक आधी हलला आणि दुसरा किंचित मागून आला, तर तो क्रॉस संपला असे समजावे; येथे ‘थोडा खेळ चालतो’ असा प्रकार नाही. त्यानंतर सांधा वर-खाली आणि आडवा ढकलून पाहावा, कारण पिळताना न दिसणारी ढिलाई पुष्कळदा उचलल्यावर सापडते. योकच्या कानाजवळ रोलिंग बार (लहान पहार) अलगद अडकवून दाबल्यास टोपीची, म्हणजे क्रॉसच्या टोकावर बसणाऱ्या आणि आत सुयांसारखे बारीक रोलर असलेल्या वाटीची, हालचाल डोळ्यांना दिसते. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसली, तर आत पाणी जाऊन ग्रीस संपले आहे आणि सुया गंजून तिचीच पूड बाहेर येत आहे, हे नक्की. आपल्या गाडीची चिवचिव तीच होती.

मागचा क्रॉस घट्ट असूनही शाफ्ट थोडा फिरत असेल, तर दोन्ही योक एकत्र फिरतात आणि चाक मात्र स्थिर राहते. तो खेळ क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधील मुख्य गिअरजोडीच्या) दात्यांचा, डिफरन्शियलच्या लहान गिअरांचा आणि अ‍ॅक्सल शाफ्टच्या स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा) असतो. काही प्रमाणात तो असणे आवश्यकच असते. पण पिनियनचा फ्लँज (ज्या चकतीला शाफ्ट बोल्टने जोडलेला असतो ती) हाताने वर-खाली हलत असेल, तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे आणि शाफ्टमध्ये दोष शोधणे व्यर्थ आहे. फ्लँजचे नट ढिले दिसले तरी ते सरळ आवळून मोकळे होऊ नका; त्या नटाच्या ताणावर बेअरिंगचा ताण अवलंबून असतो.

एवढे तपासून काय आढळले ते लिहा. बदलण्याची रीत त्यानंतर सांगतो.

कोनमापक (नाशिक)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. थरथर कोठून येते हे गाडी चालवूनही बरेचसे कळू शकते, म्हणून त्यासंबंधी थोडे गणित मांडतो.

पद्मिनीच्या चाकाचा टायर ५.२०-१४ मापाचा आहे. एका फेऱ्यात ते सुमारे १.९ मीटर अंतर जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ५३० फेरे, सेकंदाला नऊच्या आसपास फेरे घेते. डिफरन्शियलमुळे शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा अधिक, म्हणजे मिनिटाला सुमारे २,२०० ते २,३०० फेरे घेतो. सेकंदाला जवळपास ३८. यातून एक उपयोगी भेद मिळतो. चाकाचा समतोल बिघडला असेल तर गाडी सेकंदाला नऊ वेळा हलते आणि ते हलणे वेगळे मोजता येईल इतके संथ असते. शाफ्टचा दोष मात्र भुंगा गुणगुणावा तसा अखंड लागतो आणि सीटमध्ये, पायाखालच्या पत्र्यात उतरतो. आपले वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे.

चौथा गिअर थेट असल्यामुळे त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, म्हणून दोष कोणाचा हे चौथ्यात कळत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ६० चा वेग धरून एकदा तिसऱ्या गिअरमध्ये तीच गाडी चालवून पाहा, आणि एकदा ७० वरून न्यूट्रलमध्ये गाडी आपोआप मंदावू द्या. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर न जाता दर वेळी ५५ ते ६५ याच वेगाला आली, तर इंजिन आणि त्याची माउंटिंग्ज निर्दोष ठरतात.

आता क्रॉसच्या सांध्याविषयी. या सांध्याला आपण युनिव्हर्सल जॉइंट म्हणतो. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित जिरोलामो कार्दानो यांच्या नावावरून युरोपात त्याला कार्दान म्हणतात, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी त्याचा अभ्यास केल्यामुळे इंग्रजी पुस्तकांत हुक यांचे नाव आढळते. पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११०० असल्याने कार्दानो यांचे नाव येथे घेणे मला उचित वाटते. या सांध्याचा जन्मजात गुण असा की, दोन शाफ्ट कोनात असताना पहिला एकसारख्या गतीने फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ५ अंशांचा असेल तर हा फरक शेकडा अर्ध्याहूनही कमी असतो. १० अंशांना तो शेकडा दीडपर्यंत जातो. मागच्या तुकड्याला दोन क्रॉस दिलेले असतात ते एवढ्यासाठी की, एकाने केलेली चूक दुसऱ्याने भरून काढावी. ती तेव्हाच भरून निघते, जेव्हा त्या नळीच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतात आणि दोन्ही सांध्यांचे कोन जवळजवळ सारखे असतात. म्हणून सेंटर बेअरिंगचे रबर बसून शाफ्ट खाली आला, किंवा पूर्वी कधी योक कापून तिरपा वेल्ड केला असेल, तर क्रॉस कितीही नवा असला तरी गाडी सुखाने चालत नाही. शाफ्ट उतरवल्यावर दोन्ही योकच्या भोकांतून अचूक बसणाऱ्या सरळ सळ्या घालून एका टोकाकडून पाहिल्यास त्या समांतर आहेत की नाहीत हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

तरीही आपल्या बाबतीत मला पहिला संशय निराळ्याच गोष्टीचा आहे. नवा क्रॉस योकच्या बरोबर मध्यावर बसला नसेल, तर शाफ्टचे ते टोक केंद्र सोडून फिरते. समजा, त्या टोकावर दोन किलो वजन येते आणि ते केंद्रापासून केवळ पाव मिलिमीटर सरकले आहे. सेकंदाला ३८ फेऱ्यांना त्याचा ओढा सुमारे तीन किलो वजनाइतका होतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत गाडीच्या तळाला मिळत राहतो. टोप्यांना योकमध्ये अडकवून ठेवणाऱ्या समोरासमोरच्या सर्क्लिप्सच्या (स्प्रिंगच्या कड्यांच्या) जाडीत अर्धा मिलिमीटर फरक असला, तरी क्रॉस पाव मिलिमीटर सरकतो. तेथे अवश्य पाहावे.

काळी_पिवळी (मुंबई)

आमच्या घरी १९८२ पासून पद्मिनी टॅक्सी होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्याच्या काही वर्षे आधीच आमची गाडी टॅक्सीच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे निघाली होती; परंतु तिचे काम वडिलांबरोबर मी अनेकदा केले आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट रबरी कपलिंगची. गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर ते थेट त्या रबरावर उडते, रबर फुगते आणि बोल्टच्या भोकांपासून भेगा पडू लागतात. हाताने दाबून भेगा दिसत नाहीत. शाफ्ट थोडा पिळून धरला आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडला की त्या उघडतात. अशा कपलिंगमुळे गाडी उचलताना धक्का बसतो आणि तो नेहमी क्रॉसच्या नावावर जातो. कपलिंग बदलायचे असेल तर आधी सील बदलावे. बोल्ट आवळताना ज्या बाजूला लोखंडी कान आहे त्या बाजूचा नट किंवा डोके फिरवावे आणि रबराकडील बाजू पान्याने स्थिर धरावी, म्हणजे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही. नव्या कपलिंगभोवती आवळपट्टी आलेली असेल तर सर्व बोल्ट बसेपर्यंत ती काढू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की वडील त्याच आठवड्यात क्रॉसला ग्रीस मारून घेत, आणि जुने पांढरट ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन थांबवत नसत. पाणी मिसळले की ग्रीस ताकासारखे होते आणि क्रॉस एका पावसाळ्यात जातो. पुण्याच्या गाडीला मुंबईइतके पाणी लागत नसेल, परंतु महिनोन् महिने उभी असलेली गाडी हाही क्रॉसचा शत्रूच आहे. सुया एकाच जागी दाबून राहतात आणि तेथे खाचा पडतात.

सुट्या भागांबद्दल सांगायचे तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि आपल्या पुण्यात नाना पेठेत विचारावे. मात्र जुना क्रॉस बरोबर नेऊन टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या टोप्यांमधील अंतर कॅलिपरने जुळवल्याशिवाय नुसत्या गाडीच्या नावावर क्रॉस घेऊ नये.

पद्मिनी_७९ (पुणे)

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. रविवारी संपूर्ण दिवस देऊन सांगितल्याप्रमाणे तपासले. काय आढळले ते क्रमाने लिहितो.

तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये, तसेच न्यूट्रलमध्येही थरथर ५७ ते ६५ च्या दरम्यानच आली. इंजिनाचा प्रश्न मिटला. गाडी उचलून पिळून पाहिल्यावर दोन्ही क्रॉस घट्ट आहेत. किंबहुना मागचा क्रॉस एका दिशेने जरा जास्तच घट्ट वाटला. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत नाही. चाके धरून फ्लँज फिरवल्यास थोडा खेळ लागतो आणि शेवटी तोच ‘टक्’ आवाज येतो, पण धीम्या स्वरात. रबरी कपलिंग कोरडे आणि अखंड आहे. सेंटर बेअरिंगचे रबर मात्र खालच्या अर्ध्या भागात धातूपासून सुटलेले आहे. शाफ्ट हाताने वर उचलला की बोटभर फट दिसते.

शेवटी खडू घेतला. मागची चाके मोकळी ठेवून, सोबत्याला हाताने एक चाक सावकाश फिरवायला सांगून, मी खडू स्टँडला टेकवून मागच्या योकजवळ नळीच्या जवळ नेला. खडूची रेघ नळीच्या एकाच बाजूला उमटली. पुढच्या टोकाला हेच केले तेव्हा रेघ जवळजवळ पूर्ण गोल आली. मागच्या योकच्या कानांतील सर्क्लिप्स आरशातून पाहिली, तर समोरासमोरची दोन सर्क्लिप्स एकसारखी दिसत नाहीत. आता शाफ्ट उतरवावाच लागेल असे दिसते. फिटरकाकांनी पुढची रीत सांगावी.

जुना_फिटर (कोल्हापूर)

फार व्यवस्थित तपासले आहे. सेंटर बेअरिंग रबरासह नवे घ्यावेच लागेल. मागचा क्रॉस नुकताच बसवलेला असला तरी त्याच टोप्या पुन्हा बसवू नका, कारण दाबून काढताना सुयांना आणि सीलला इजा होते. नवा क्रॉस आणि त्याच्याबरोबर नवी सर्क्लिप्स घ्या.

काहीही सोडवण्यापूर्वी फ्लँज आणि योक यांवर समोरासमोर पंचाने खूण करा. सेंटर बेअरिंगच्या जवळ पुढच्या तुकड्याच्या योकवर आणि मागच्या तुकड्यावर वेगळ्या संख्येने खुणा करा. रंगाची खूण केरोसीनने पुसली जाते, पंचाची राहते. शाफ्ट काढताना मागचे टोक खाली लोंबकळू देऊ नका; पुढच्या सांध्यावर त्याचे संपूर्ण वजन येऊन तोही खराब होईल. एकट्याने उतरवत असाल तर अ‍ॅक्सलच्या बाजूला तारेने बांधून ठेवावा.

शाफ्टची नळी व्हाइसमध्ये कधीही आवळू नये. नळी पातळ असते. तिला पडलेला बारीक पोचा डोळ्याला दिसत नाही, पण समतोल बिघडवते. व्हाइसमध्ये योक धरावा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाखाली आधार द्यावा. सर्क्लिप काढण्यापूर्वी तेल सोडून टोपीवर पितळी दांडीने हलकी टिचकी मारा. टोपी किंचित आत गेली की सर्क्लिप मोकळे होते आणि उडून डोळ्यात जाण्याचा धोका टळतो. तरी चष्मा घालावाच. मग व्हाइसच्या एका जबड्याकडे टोपीपेक्षा लहान सॉकेट आणि दुसऱ्या जबड्याकडे टोपी आत मावेल इतके मोठे सॉकेट ठेवून दाबा. समोरची टोपी मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येते. हातोड्याने ठोकून टोप्या काढणारे पुष्कळ आहेत, मीही नवखा असताना काढल्या आहेत. परंतु त्या ठोक्यांनी योकचे कान आत वाकतात आणि पुढे नवा क्रॉस जाम का होतो हे कोणालाच कळत नाही. आपला क्रॉस एका दिशेने जास्त घट्ट लागतो त्याचे हे एक कारण असू शकेल. कानांमधील अंतर मोजून पाहा.

योक मोकळा झाल्यावर त्याची भोके केरोसीनने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने केवळ गंज आणि कपची काढा. धातू घासून काढायचा नाही. सर्क्लिपची खाच टोकदार खिळ्याने पूर्ण साफ करा. नंतर नवी टोपी हाताने भोकात घालून पाहा. ती बोटाच्या दाबाने आत गेली तर भोक मोठे झाले आहे. अशा वेळी भोकाभोवती पंचाचे ठिपके मारून टोपी घट्ट बसवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. ती मी कधीही स्वीकारली नाही, कारण टोपी तेव्हा चार-सहा टोकांवर अडकते आणि काही शे किलोमीटरमध्ये पुन्हा सैल होते. तो योक बदलून, जाणकाराकडून सरळ वेल्ड करून, शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घेणे हाच उपाय आहे. टोपी व्हाइसनेच आत जात असेल तर आपले नशीब चांगले आहे.

बसवताना प्रत्येक टोपीतील सुया मोजून घ्या आणि चारही टोप्यांत सारख्याच आहेत याची खात्री करा. घट्ट लिथियम ग्रीसचा लेप देऊन सुया भिंतीला चिकटवा. टोपी पूर्ण भरू नका, नाहीतर कोंडलेले ग्रीस टोपीला आत जाऊ देत नाही. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) नळीच्या बाजूला आणि गाडीखाली झोपून गन पोहोचेल अशा दिशेला येईल हे आताच ठरवा. क्रॉस योकमध्ये तिरपा घालून पहिली टोपी अर्धी आत दाबली की क्रॉसचा दांडा लगेच तिच्यात सरकवा आणि तेथून पुढे तो दांडा सुयांच्या आतच राहू द्या. तो बाहेर आला की एखादी सुई आडवी पडते. टोपी शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरला अडली आणि सर्क्लिप खाचेत बसेना, तर जोर वाढवू नका. सुई आडवी झाली आहे. बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. मी स्वतः एका क्रॉसला तीनदा काढून बसवले आहे आणि त्यात वेळ वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

चारही सर्क्लिप्स बसल्यावर समोरासमोरची जोडी सारख्या जाडीचीच आहे हे कॅलिपरने आधीच पाहिलेले असावे. फट राहत असेल तर दोन्ही बाजूंना सारखीच जाड सर्क्लिप्स घालावीत, एकाच बाजूला नव्हे. मग तांब्याच्या किंवा लाकडी हातोड्याने योकच्या कानांवर बाहेरून हलके ठोके द्या. टोप्या सर्क्लिपला टेकून बसतात आणि दाबामुळे आखडलेला सांधा मोकळा होतो. शेवटी सांधा एका बोटाने चारही दिशांना, किंचित विरोध लागत, पण कोठेही न अडकता फिरला पाहिजे.

शाफ्ट चढवताना खुणा जुळवा, फ्लँजचे बोल्ट जुने वाटले तर उच्च तन्यतेचेच, गुळगुळीत अंगाचे घ्या. भोकात आटे येतील असे बोल्ट वापरू नका. लॉक नट नवे घाला. सेंटर बेअरिंगचे बोल्ट प्रथम हाताने लावा, शाफ्ट दोन-तीन फेरे फिरवा, त्याला आपली जागा घेऊ द्या, आणि मगच आवळा.

कोनमापक (नाशिक)

एवढीच भर : सर्व बसवूनही थोडी थरथर उरली, तर मागचा फ्लँज सोडवून पिनियनच्या फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवून पाहावा. गॅरेजमध्ये शाफ्ट खूण न करता उतरवला असण्याचा संभव असल्यामुळे सध्याची जागाच मूळची जागा आहे असे मानण्यास आधार नाही.

पद्मिनी_७९ (पुणे)

काम पूर्ण झाले. मागच्या योकमध्ये एका बाजूचे सर्क्लिप १.६ मिलिमीटर आणि समोरचे १.२ मिलिमीटर जाडीचे निघाले, म्हणजे क्रॉस मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलेला होता. योकचे कान सुदैवाने वाकलेले नव्हते. एका टोपीखाली लोखंडाची लहानशी कपची दाबली गेली होती आणि त्यामुळे तो सांधा एका दिशेने आखडत होता. नवी टोपी हाताने आत गेली नाही, व्हाइसनेच बसवावी लागली. दुसऱ्या टोपीत सुई आडवी पडली आणि काकांनी लिहिल्याप्रमाणे टोपी शेवटी अडली. ते वाक्य आधी वाचलेले नसते तर मी नक्कीच जोर लावला असता. भोकांतून सळ्या घालून पाहिल्या. दोन्ही योक समांतर आहेत. सेंटर बेअरिंग रबरासह नाना पेठेत मिळाले.

पहिल्या फेरीत थरथर बरीच कमी झाली, पण ६२ च्या आसपास हलकीशी राहिली. मग फ्लँज अर्धा फेरा फिरवून बसवला. काल खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत जाऊन आलो. ५० पासून ८० पर्यंत कोणत्याही वेगात थरथर नाही. आईने मागच्या सीटवर बसून वाईपर्यंत झोप काढली.

गाडी उचलताना येणारा ‘टक्’ आवाज मात्र अगदी धीम्या रूपात अजून आहे. तो डिफरन्शियलचा असावा असे वाटते. त्याला हात लावावा का?

जुना_फिटर (कोल्हापूर)

लावू नये. चालताना डिफरन्शियल गुणगुणत नसेल आणि त्याचे तेल काढल्यावर धातूची चमक दिसत नसेल, तर जुळलेल्या दात्यांना मोडून पुन्हा जुळवण्यात तोटाच अधिक आहे. तेल बदला आणि पातळी पाहा. शाफ्टचे सर्व बोल्ट ५०० किलोमीटरनंतर एकदा पान्याने तपासा, आणि त्याच वेळी दोन्ही क्रॉसना चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. तीन सीलमधून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर शाफ्ट थोडा फिरवून, त्या बाजूचा सांधा हलवत पुन्हा मारावे; चौथी टोपी कोरडी राहिली तर तीच पहिली जाते.